दहापैकी तीन

त्या व्हिस्कीला मी दहापैकी तीन गुण दिले आणि खाली लिहिलं : 'सुगंधी अर्क ओतलेली दारू. कडवटपणा हॉपचा. व्हिस्की म्हणून गणू नये.' यातली पहिली दोन वाक्यं चूक होती आणि तिसरं त्यांच्यावरच बेतलेलं. पुण्यातल्या आमच्या छोट्या मंडळात माझ्या टिपणांवर लोक विसंबतात, त्यावरून बाटली घ्यायची की नाही ते ठरवतात. म्हणून ते टिपण कसं चुकलं, हे लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही.

बाटली भाच्यानं कॅलिफोर्नियाहून आणली होती. शारबे नावाच्या डिस्टिलरीची 'आर फाइव्ह'. लेबलवर लिहिलेलं : हॉप फ्लेवर्ड व्हिस्की. इथेच माझं मत बनलं, झाकण उघडायच्या आधी. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बऱ्याचदा मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं आणि त्याला वास-रंग नंतर दिला जातो. 'फ्लेवर्ड' म्हटलं की बाहेरून घातलेला अर्क, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की मी पुढचं काही विचारलंच नाही.

खरी गोष्ट अशी, की या व्हिस्कीत अर्क नाही. हॉप हे भांगेच्या कुळातल्या वेलाचं फूल. बिअरला कडवटपणा आणि वास त्याच्यामुळे येतो. एरवी व्हिस्कीसाठी जे आंबवण गाळतात, त्यात हॉप नसतो. शारबेच्या मार्को कराकाशेविच यांनी मात्र पिण्यासाठी तयार असलेली बिअरच भट्टीवर चढवली. 1999 साली पिल्सनर बिअरपासून त्यांनी सुरुवात केली. 'आर फाइव्ह'साठी त्यांनी बेअर रिपब्लिक या ब्रुअरीची 'रेसर फाइव्ह' ही भरपूर हॉप घातलेली बिअर घेतली. दहा भाग बिअर गाळावी तेव्हा कुठे एक भाग व्हिस्की हाती येते. बिअरमध्ये हॉप होता, म्हणून लेबलवर ते शब्द आले. युरोपातल्या कायद्यानं व्हिस्कीला वेगळा स्वाद देता येत नाही. बिअर गाळून काढलेल्या दारूला जर्मनीत बिअरब्रांट असं निराळं नाव आहे. म्हणजे 'हिला व्हिस्की म्हणावं का' हा वाद खरा आहे. पण मी तो वाद घातला नव्हता. मी थेट भेसळीचा आरोप केला होता.

आता ती चाखली कुठे, ते सांगतो. खानदेशात, सोनगीरला, थंडीत, आमच्या मळ्यात. भरिताचा बेत होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झालेली, हिरवी मिरची आणि लसूण बडगीत ठेचलेला, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. अंगाला, कपड्यांना धुराचा वास. असं जेवण झाल्यावर स्टीलच्या पेल्यात बर्फ टाकून मी त्या व्हिस्कीचा न्याय केला. मिरचीनं बधिर झालेली जीभ, धुरानं भरलेलं नाक आणि वर बर्फाचा गारठा. थंडीत वास दबतो, हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय.

बर्फ विरघळला तशी पेल्यातली दारू किंचित गढूळ दिसली. तो मी अर्काचा पुरावा धरला. व्हिस्की 49.5 टक्क्यांची होती. पाणी मिसळून ती साधारण 46 टक्क्यांच्या खाली गेली आणि गार झाली, की तिच्यातले तेलकट घटक विरघळलेले राहत नाहीत, गढूळपणा येतो. तो घालवण्यासाठी कारखाने ती गार करून गाळून घेतात. गढूळ दिसणं हे उलट कमी छेडछाडीचं लक्षण होतं.

सगळ्यात जास्त मला सलतो तो काकांचा प्रश्न. काका तांबट. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात घरोघर गेली. हंडे, घागरी, बंब ठोकण्यात काकांचं आयुष्य गेलं. ते घेत नाहीत, पण बाटलीकडे पाहून त्यांनी विचारलं, "भांडं कसानं व्हतं रे?" मी म्हणालो, "काका, भांड्यानं काय फरक पडतो?" तांबटाला मी हे म्हणालो, आणि मी त्याच घरात वाढलेला.

फरक भांड्यानंच पडतो. शारबेची भट्टी तांब्याची आहे, फ्रान्सच्या कोन्याक भागात वापरतात त्या घडणीची. आंबवताना गंधकयुक्त घटक तयार होतात, त्यांना सडक्या कोबीसारखा वास असतो. गरम वाफ तांब्याला घासत वर जाते तेव्हा त्यातले बरेच घटक तांब्याला धरून राहतात आणि दारू स्वच्छ होते. भट्टीचं तांबंही त्यात झिजतं, काही वर्षांनी पत्रा बदलावा लागतो. स्वयंपाकाच्या भांड्याला आपण कल्हई करतो, कारण आंबट पदार्थ तांब्याला लागू नये. भट्टीत आतून कल्हई नको, तांबं उघडंच हवं. हे मी पुढे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पत्र्याची जाडी विचारली, भट्टीची मान कुठून आणि किती वळवलेली असते ते विचारलं. मला उत्तरं येत नव्हती. मी ती शोधून त्यांना कळवली.

कडवटपणाचं वाक्य तर निव्वळ अज्ञान होतं. हॉपमधली कडू आम्लं वाफेबरोबर वर येत नाहीत, ती भट्टीच्या तळाशी राहतात. वर येतात ती सुगंधी तेलं. जो कडूपणा मला लागला तो ओकच्या पिंपाचा असणार. हॉप म्हणजे कडू, एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढंच मी चाखलं.

पुण्यात परत आल्यावर उरलेली बाटली मी सकाळी, जिभेवर काही नसताना, अरुंद तोंडाच्या काचेच्या पेल्यात ओतली. बर्फ नाही, पाण्याचे दोन-चार थेंब. पपनसाची साल, मागे राळेचा वास, मग मध, आणि गिळल्यावर बराच वेळ हिरवा, पाल्यासारखा दरवळ. अर्काचा वास एकदम येतो आणि एकदम जातो. हा थरांनी उलगडत होता.

जुनं टिपण ज्यांच्याकडे गेलं होतं त्या सगळ्यांना नवं पाठवलं, जुनं का चुकलं ते वर लिहून. मंडळातला एक तरुण छोटी डिस्टिलरी काढायच्या विचारात होता आणि 'हॉपच्या वाटेला जाऊ नकोस' असं मी त्याला त्या तीन गुणांच्या जोरावर सांगितलं होतं. त्याला फोन करून ते शब्द मागे घेतले. तोवर त्यानं आराखड्यातून हॉपची व्हिस्की काढून टाकली होती.

नव्या टिपणात सात गुण आहेत. त्याहून जास्त मला देता येत नाहीत. हॉपचा वास इतका पुढे येतो की जवाचा स्वाद शोधावा लागतो, आणि पिंपात ती अजून राहायला हवी होती असं वाटतं; लाकूड आणि हॉप अजून एकमेकांत मुरलेले नाहीत. पाणी चार थेंबांच्या वर गेलं की मधाची चव नाहीशी होते. जेवणानंतर ती घेऊ नये, भरितानंतर तर नाहीच.