विकत घेतलेली वेळ

बरकतपुऱ्यातल्या आम्हा मास्तरांची वेळ तासिकांनी मोजलेली. पन्नाशीनंतर तर पेन्शनला उरलेल्या वर्षांनी. रविवारच्या उपासनेत इफिसकरांस पत्राचे वाचन झाले. पौलाने वेळेसाठी चक्क बाजारातले क्रियापद वापरले आहे : विकत घेणे. घ्यायची कुणासाठी, हा खरा प्रश्न.

मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १९१९ साली रेव्हरंड टिळक वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायना’चे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. बाई पन्नाशीच्या; अक्षरओळख लग्नानंतरची. त्या वयात त्यांनी पतीचे अपुरे काम अंगावर घेतले आणि चौसष्ट अध्याय रचले. (आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितले, तर लोक चहा मागवतात!) १९३६ साली त्या गेल्या. ग्रंथ छापून आला १९३८ साली.