दोन तासांचं तर अंतर आहे!

नवरा दिल्लीत, मी मुंबईत. एक शुक्रवार माझा, एक त्याचा. ‘वीकेंड मॅरेज’ ऐकायला सॉलिड ग्लॅमरस वाटतं, पण त्यातला बराचसा वेळ विमानतळावर गार सँडविच खाण्यात जातो. नोकरी कुणी बदलायची, हा विषय निघाला की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. ‘अगं, दोन तासांचं तर अंतर आहे!’

एका रविवारी डोकं सटकलं. म्हटलं, मोजूच.

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘टाइमटेबल बघू नकोस, घड्याळ बघ. शेवटच्या टप्प्यात आम्ही जादा मिनिटं घालून ठेवायचो. गाडी मध्ये रखडते आणि शेवटी राइट टाइम!’ विमानवाल्यांचा फंडाही हाच निघाला. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर. तिकिटावर मात्र २ तास १० ते २० मिनिटं. रखडणार हे गृहीत धरून वेळ आधीच फुगवलेली. वर ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांपर्यंत पोचलात तरी ‘ऑन टाइम’. अमेरिकेत १९८७ पासून हीच मोजपट्टी आहे आणि आपल्याकडेही १५ मिनिटांचाच हिशोब. म्हणजे पेपर सोपा काढायचा आणि निकाल ९० टक्के लागला म्हणून पेढे वाटायचे!

खरं मोजायचं तर चार वेळा लागतात. आउट, ऑफ, ऑन, इन. गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेटला लागलं. विमान ही माहिती आपोआप कंपनीला कळवतं. माझ्याकडे वही आणि मनगटावरचं घड्याळ. (शेजारचे काका दर वेळी विचारायचे, ‘पायलट आहात का?’)

एका शुक्रवारची नोंद: आउट ७.१२, ऑफ ७.४४, ऑन ९.२०, इन ९.३२. वेळापत्रकात ७.१० ते ९.३० होतं. म्हणजे झक्कास, ऑन टाइम! पण हवेत फक्त १ तास ३६ मिनिटं. तब्बल ३२ मिनिटं मी मुंबईच्या जमिनीवरच सरकत होते. पुढे दिव्यांची रांग, बाजूला भिंत आणि भिंतीपलीकडे जरीमरीची घरं. विमानं एकेक करून जुहूच्या समुद्राकडे उडत होती. मुंबईला बाहेरून येणारे विमानतळाची झगमग बघतात. मला मात्र ती भिंत पाठ झाली आहे.

एवढं अडतं कुठे? सांताक्रूझला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. एक चालू असताना दुसरीवर मनमोकळं काम करता येत नाही. जणू एकच धावपट्टी. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ला, दिवाळीच्या तोंडावर, तिथे २४ तासांत १,०३२ विमानं उतरली-उडाली. कंट्रोलर मंडळींना सलाम, पण ताण कुठेतरी निघतोच. तो निघतो आकाशात.

परतीच्या फ्लाइटला हे नीट कळतं. चंद्र खिडकीत येतो, जातो, पुन्हा येतो.. समजायचं, घिरट्या सुरू! लंबगोल चक्कर, एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. साधारण चार मिनिटांचा एक फेरा. एका रविवारी मी सात मोजले. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारनेच सांगितलं की मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतात आणि ४० मिनिटांत सुमारे १,७०० लिटर इंधन जळतं. मग गर्दीच्या तासातली विमानं ४६वरून ४४वर आणली, इतर वेळची ४४वरून ४२वर.

युरोपवाले हे भारी मोजतात. विमानतळाभोवती ४० सागरी मैलांचं, म्हणजे साधारण ७४ किलोमीटरचं वर्तुळ कल्पायचं. विमान त्यात शिरल्यापासून टेकेपर्यंत किती वेळ गेला आणि गर्दी नसती तर किती लागला असता? जो फरक येईल, तोच यंत्रणेचा निकाल. तिथे फुगवलेलं वेळापत्रक कामाला येत नाही. मला तर हीच परीक्षा बरोबर वाटते. प्रवासी म्हणून ‘वेळेत पोचलात’ या घोषणेवर टाळ्या वाजवायला माझी ना नाही, पण यंत्रणा सुधारली की नुसती तारीख-वेळेची रंगरंगोटी झाली, ते त्यातून कळत नाही.

२०२५च्या नाताळला नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. नवरा खूश. ‘आता तिकडून ये, घिरट्यांची कटकटच नको!’ आम्ही राहतो बोरिवलीत. बोरिवलीहून नवी मुंबई विमानतळ गाठायचं म्हणजे.. जाऊ दे.

गेल्या शनिवारी चहा पिताना त्याने माझी वही मागितली. पानं उलटली. सात फेऱ्यांच्या रविवारी जरा थांबला. त्या रात्री मी लँड होईपर्यंत त्याने सतरा वेळा फोन लावला होता, ते त्यालाही आठवलं असावं.

‘यात बोरिवली ते एअरपोर्ट धरलंयस?’

नव्हतं धरलं. त्याने पेन घेतलं आणि मागच्या पानावर दोन नवे रकाने आखले.. घरून निघाले, घरी पोचले. मंगळवारी ऑफिसात मुंबईच्या बदलीचं विचारलंय त्याने. उत्तर अजून यायचंय.