भिंतीवरची बोटं

गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरले आणि उजवा खांदा आखडला. लेकीची वेणीही घालता येईना. फिजिकल थेरपी सुरू झाली. भिंतीवर बोटं एकेक इंच वर चढवत न्यायची, रोज.

थेरपिस्ट मुलगी तिशीच्या आतली. पदवीनंतर तीन वर्षं शिकून डॉक्टरेट मिळवलेली. "हाच व्यवसाय का निवडलास?" मी विचारलं.

"बास्केटबॉल खेळताना गुडघा गेला होता. ऑपरेशन सर्जनने केलं. पण चालायला थेरपिस्टने शिकवलं."

'शिकवलं' हा शब्द मनात रुतला. तिकडे मी शाळेत शिकवत होते. इथे व्हिसामुळे ते सुटलं. तोच धडा न रागावता पुन्हा गिरवून घेणं मलाही येत होतं की!

बोटं फळ्याच्या उंचीला पोचली, त्या आठवड्यात मंडळाच्या मराठी शाळेत नाव दिलं.