चिमूटभर

आमच्या घरी मासे आले ते नातीच्या हट्टाने, आणि पाण्यावरची झाडे आली ती माशांच्या सोयीसाठी. दुकानदाराने काचेच्या पेटीबरोबर चार रोपे दिली आणि म्हणाला, "आजोबा, ही नुसती सोडून द्या. माती नको, खत नको." नाव त्याने 'वॉटर लेटस' सांगितले. मला ते बाहुलीच्या भातुकलीतले कोबी वाटले!

त्यांच्या पानांवर मखमली लव असते. पाण्याचा थेंब तिच्यावरून मोत्यासारखा घरंगळतो. मात्र झाकणावरून सारखी ठिबक लागली की पाने पिवळी पडून कुजतात. दोन रोपे गमावून मी हे शिकलो. खाली मुळांच्या झिपऱ्या लोंबतात. गप्पीची पिले त्यांत दडतात, आणि तीही कोणापासून? तर प्रत्यक्ष आईपासून!

उरलेल्या दोन रोपांना नाळेसारखे धागे फुटले, टोकांना लेकी आल्या, लेकींना नाती. दीड-दोन महिन्यांत पाणी दिसेनासे झाले. "माझ्या हाताला गुण आहे," असे मी शेजारी सांगत सुटलो. नात म्हणाली, "गुण कसला? तुम्ही चिमूट म्हणता आणि मूठभर खायला घालता." खरेच होते. उरलेले अन्न आणि माशांची घाण यांतून पाण्यात नत्र साठते. तेच या झाडांचे जेवण.

पुढे मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडू लागले, तेव्हा निम्मी रोपे पिशवीत भरली. निर्माल्यासारखी नदीत सोडावीत, म्हणून नातीला घेऊन पुलावर गेलो. उन्हाळा तोंडावर आला होता. खाली मुळा-मुठा दिसेचना! या काठापासून त्या काठापर्यंत हिरवेगार मैदान. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी पुण्याच्या सांडपाण्यावर पोसली होती.

नातीने कठड्यावरून वाकून पाहिले आणि विचारले, "आजोबा, नदीला एवढं कोण खायला घालतं?"

मी पिशवी तशीच परत आणली.

आता दर रविवारी मी ओंजळभर रोपे काढतो आणि गुलाबाच्या कुंडीत पुरतो. निम्मे पाणी उघडे ठेवतो. माझी चिमूटही खरोखर चिमूट झाली आहे. मासे सुखी आहेत, गुलाब फुलला आहे. फक्त पुलावरचा तो प्रश्न तसाच राहिला आहे. सकाळी न्हाणीघरातले पाणी खळखळत मोरीत जाते, तेव्हा तो मला हटकून आठवतो.