कारंजाची श्रुतसंपदा : पोथीपासून ग्रंथमालेपर्यंत

यवतमाळहून दारव्हामार्गे वायव्येस निघाले की वाटेत कारंजा (लाड) लागते. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमलात घातलेला यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्गही याच गावावरून जात असे. आज वाशीम जिल्ह्यात मोडणारे हे गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि कापसाची पेठ म्हणून सर्वपरिचित आहे. त्याची तिसरी ओळख मात्र मंदिरांतील कपाटांत दडलेली आहे.

सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची दिगंबर मंदिरे येथे आहेत. भट्टारकांच्या पीठांमुळे येथे शतकानुशतके हस्तलिखिते जमत गेली. व्रताचे उद्यापन झाले की श्रावकाने एखादा ग्रंथ लिहवून घ्यावा आणि शास्त्रदान करावे, अशी आपली जुनी रीत. पोथीच्या अखेरीस लेखनाचा संवत, गाव आणि दात्याचे नाव नोंदले जाई. म्हणून हे भांडार जितके आचार्यांचे, तितकेच व्यापारी कुटुंबांचेही आहे.

परंतु वेष्टनात बांधलेली पोथी सुरक्षित राहिली, तरी ती आहे हे जगाला कळत नाही. ग्रंथसंग्रहाचे ग्रंथालय होते ते सूचीमुळे. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध केली. तीत कारंजाच्या पोथ्यांची नोंद झाली आणि अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. त्या काळी अपभ्रंश भाषेतील छापील ग्रंथ अगदी मोजके होते. आपल्या मराठीची जडणघडण उलगडण्यासाठी ही भाषा किती मोलाची, हे सांगणे नलगे.

सूचीनंतरची पायरी छपाईची. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी हे काम अंगावर घेतले. त्यासाठी लागणारे द्रव्य कारंजातूनच उभे राहिले. अंबादास चवरे यांच्या नावाने दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ निघाले. त्यामागून ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘पाहुडदोहा’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) प्रकाशात आले. पुष्पदंत दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहिले, ते भरत आणि नन्न या मंत्र्यांच्या आश्रयाने. सुमारे हजार वर्षांनी त्यांच्या काव्याला पुन्हा एका गृहस्थाचाच आधार मिळाला. पुढे १९३९ पासून डॉ. जैन यांनी धवलाटीकेसह षट्खंडागमाचे सोळा खंड संपादून प्रसिद्ध केले.

या प्रवासात एक क्रम दिसतो : दात्याने लिहवून घेतले, मंदिराने जपले, सूचीकाराने नोंदले, पंडिताने शोधिले आणि पुन्हा दात्याने छापविले. यातली एक कडी निखळली असती, तरी पोथी वाळवीच्या स्वाधीन झाली असती.

रोजमेळ आणि खतावणी चोख ठेवणारा आपला समाज आहे. दुकानातील प्रत्येक नगाची आपण नोंद ठेवतो. घरच्या देवघरात किंवा माळ्यावर आजोबांच्या काळची पोथी असेल, तर तिची नोंद कोठे असते? येत्या श्रुतपंचमीला पूजेबरोबर एवढे अवश्य करावे : ग्रंथाचे नाव, पानांची संख्या, अखेरचा संवत आणि दात्याचे नाव एका वहीत उतरवून तिची प्रत मंदिराच्या भांडारात द्यावी. कारंजाच्या संपदेचा मार्गही अशाच नोंदींनी मोकळा झाला.