काटोलच्या बागेतून, दर पंधरा मिनिटांनी

४ डिसेंबर
मोठेबाबा धंतोलीतल्या दवाखान्यातून घरी आले. खुब्यात रॉड. दीड महिना पाय टेकायचा नाही. खाट हॉलमध्ये खिडकीपाशी लावली. आडवे झाल्याबरोबर विचारलं, "पाणी तोडलं का?"
सालदाराला फोन लावून दिला. परवाच तोडलं म्हणाला. मग झोपले.

५ डिसेंबर
रात्रभर जागे. दुखण्यानं नव्हे. अंबिया बहाराचा ताण सुरू झालाय आणि संत्र्याची बाग इथून, नागपुरातून, साठेक किलोमीटरवर.
छापील हिशेब असा: हलक्या जमिनीला महिना-पस्तीस दिवस ताण, मध्यमला पंचेचाळीस, भारी काळीला पंचावन्न-साठ. मोठेबाबा तो मानत नाहीत. त्यांचा हिशेब म्हणजे रोज सकाळी वीतभर माती उकरायची, मुठीत दाबायची, मग झाडाकडे बघायचं. पानं मलूल, चतकोर गळालेली, की पाणी. लवकर सोडलं तर फुलांऐवजी नवती फुटते. उशीर झाला तर झाड खचतं.
सालदाराला फोनवर विचारतात, "माती कशी लागते हाताले?" तो म्हणतो, "बरी लागते."

६ डिसेंबर
पुण्याहून दादाचा फोन. बाग ठेक्यानं देऊन टाका म्हणतो, पुढं विकायचंही बघू. मोठेबाबांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

८ डिसेंबर
कॉलेजात विद्यार्थ्यांच्या जुन्या प्रकल्पातला मातीचा सेन्सर पडून होता. तीन सळ्या, चार तारा: दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. विभागप्रमुखांना विचारून घरी आणला. संध्याकाळी सीताबर्डीत मोदी नंबर तीनमध्ये जाऊन कन्व्हर्टर घेतला. एका बाजूला आरएस-४८५, दुसऱ्या बाजूला वायफाय. तळहातात मावतो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदा सेट केला का विसरून जा."

९ डिसेंबर
जेवणाच्या टेबलावर मांडामांड. कन्व्हर्टर आधी स्वतःचंच वायफाय सोडतो. त्याला फोन जोडला, पान उघडलं. बॉडरेट, पॅरिटी, स्टॉप बिट. कागदावर ९६०० छापलंय. तेच भरलं.
प्रश्न पाठवला: ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए. म्हणजे, एक नंबरच्या गड्या, तुझ्या पहिल्या खणात काय आहे ते सांग. शेवटचे दोन अंक पडताळणीचे.
काही नाही.
ए आणि बी तारा अदलाबदल करून पाहिल्या. या दोन अक्षरांवर कंपन्यांचंच एकमत नाही. एकीचा ए तो दुसरीचा बी. तरी काही नाही.

१० डिसेंबर
विधिमंडळाचं अधिवेशन. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला. बस वळसा घालून आली, घरी पोचायला साडेसात.
एकेक बॉडरेट लावत गेले. ४८०० ला उत्तर आलं: ०१ ०३ ०२ ०१ १२, पुढे पडताळणी. सोळाच्या मोजणीतला ०११२ म्हणजे आपला २७४. म्हणजे २७.४ टक्के ओल.
मोठ्यानं वाचून दाखवलं.
"कायची?"
"तुळशीची. कुंडीत खोचलाय."
"लय पाणी घालून राहिली तू तुळशीले."

११ डिसेंबर
सेन्सर बोलतो ती मोडबस १९७९ मधली. मॉडिकॉन कंपनीनं कारखान्यांतल्या यंत्रांसाठी बांधलेली बोली. वर्गातल्या पोरांचे आईबाप तेव्हा पाळण्यात असतील. अजून कुणी तिच्याहून सोपं काही रुजवू शकलेलं नाही. एक विचारतो, बाकीचे गप्प. ज्याचा पत्ता तोच बोलतो. स्टाफरूममध्ये चालली असती तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर
आजचा अडसर सिमकार्डाचा. शेतावरचा राउटर सिमवर चालणार. सिमला स्वतःचा उघडा पत्ता मिळत नाही, हजारो ग्राहक एकाच पत्त्याआड. नागपुरातून त्या कन्व्हर्टरला हाक मारता येणार नाही. त्यानंच आधी बाहेर फोन करायचा आणि लाइन धरून ठेवायची. त्या लाइनवरून आपण विचारायचं.
म्हणून टीसीपी सर्व्हर काढून टीसीपी क्लायंट केला. भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला. तिथून दर पंधरा मिनिटांनी प्रश्न जाईल.
मोठेबाबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मिसकॉल त्यानं द्याचा."
हो.

१४ डिसेंबर, रविवार
काटोल. कळमेश्वरपर्यंत धुकं होतं.
मोठ्याईनं भाकर-भाजी बांधून ठेवली होती. मोठेबाबा कसे आहेत ते तिनं विचारलं नाही. जेवतात का, एवढंच विचारलं.
राउटर विहिरीजवळच्या कोठीत. वायफाय चौथ्या ओळीपर्यंत पोचतं, पुढे नाही. संत्र्याचं झाड म्हणजे पाण्यानं भरलेल्या पानांचा ढीग, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मुरतात. मोकळ्या मैदानात हाच डबा मजेत शंभर मीटर जातो. सेन्सर तिसऱ्या ओळीत पुरला, कन्व्हर्टर फांदीला बांधला.
पहिला आकडा ३३.१. फोनवरून कळवला.
"कोणत्या झाडाखालचा?"
"कोठीच्या मागे, तिसरी ओळ."
"ते तं विहिरीच्या पाझरावर हाये. ते झाड कधी ताणात जातच नाई. पस्तीस वर्स झाले, ते मले फसवून राहिलं."

१५ डिसेंबर
औषधाच्या कागदामागे बागेचा नकाशा काढून ठेवलाय. सहा बाय सहावर लावलेली झाडं, एकेक टिंब. वरच्या तुकड्यात एका टिंबाभोवती गोल. "जंबेरीवरचं हाये. ना लय जोमाचं, ना मेलेलं. त्याच्यावरून सारं कळते."
तिथं वायफाय नेणं म्हणजे मध्ये दोन-तीन रिपीटर, प्रत्येकाला वीज.

१६ डिसेंबर
कन्व्हर्टर कोठीत ठेवायचा. तार सेन्सरपर्यंत न्यायची. आरएस-४८५ बाराशे मीटर जातं. आपल्याला दोनशेही नकोत. दोन तारांमधला फरक वाचला जातो, त्यामुळे मोटर सुरू होताना जो गोंधळ होतो तो दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजा होतो. सेन्सर जेमतेम काही मिलिअँपिअर खातो, १२ व्होल्ट त्याच तारेनं पोचतील.
बिनतारी म्हणून घेतलेल्या डब्यासाठी आता तारेचं बंडल विकत घेतेय.

२१ डिसेंबर, रविवार
तार ओढली. उंदरांच्या भीतीनं सालदारानं ठिबकची जुनी लॅटरल आणली, सोळा मिलिमीटरची. कापून कापून तीत तार ओवली. त्याचा लेक, सातवीतला, पुढे पळत दोरी ओढत होता. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. ते काय करतात म्हणून पोरानं विचारलं. टोकावर आदळून आवाज परत येऊ नये म्हणून, असं सांगितलं. त्यानं विहिरीत ओरडून दाखवलं.
गोल केलेलं झाड. वीतभर खोल. २९.८.

२२ डिसेंबर
मोठेबाबांनी कालनिर्णय भिंतीवरून काढून उशाशी घेतलं. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं सकाळी सहाचा आकडा. दूधवाल्याच्या नोंदी पुसून टाकल्यात. दूधवाल्याचं बघावं लागेल.

२४ डिसेंबर
आकडे वेडेवाकडे. ६१२. मग काहीच नाही. मग एका उत्तरात दोन उत्तरं चिकटलेली.
मोडबसमध्ये निरोप संपला हे शांततेवरून ओळखतात, साडेतीन अक्षरांइतकी शांतता. ४८०० बॉडला ती सात-आठ मिलिसेकंद. मोबाइलच्या जाळ्यात एवढ्या अवधीला काहीच अर्थ नाही, तिथं निरोप शंभर-दोनशे मिलिसेकंद रेंगाळतात आणि मग घोळक्यानं येतात.

२५ डिसेंबर
सुट्टी. सर्व्हरवर शिस्त लावली. उत्तर येईपर्यंत किंवा तीन सेकंद होईपर्यंत पुढचा प्रश्न नाही. पडताळणी जुळली नाही तर उत्तर फेकायचं. कन्व्हर्टरमध्ये पॅकेटचा अवधी वाढवला.
दुपारनंतर सगळे आकडे शहाणे.

२९ डिसेंबर
कडाका. २०१८ साली याच तारखेला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता. मोठेबाबांना आठवतं; रात्री बागेत धूर केला होता.

३० डिसेंबर
रात्री दोनपासून आकडे बंद. शेतीची लाइन या आठवड्यात पाळीनं दिवसाची की रात्रीची, सालदारालाच माहीत. कोठीतली लहान बॅटरी राउटर खाऊन टाकतो. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडायला सांगितलं.
मोठेबाबांनी आजच्या चौकोनात फुली मारली.

३१ डिसेंबर
वीज आली, राउटर आला, कन्व्हर्टर नाही. राउटर उठायच्या आधीच तो हाका मारून थकतो. फोनवर सालदाराच्या पोराला सांगून त्याची वायर काढून घातली. आता सर्व्हर सापडला नाही तर दर मिनिटाला पुन्हा प्रयत्न, अशी सेटिंग करायची आहे.

३ जानेवारी
सालदारानं गोल झाडाखालची माती डब्यात भरून एसटीनं पाठवली. प्रयोगशाळेच्या भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास. आधीचं वजन, नंतरचं वजन.

४ जानेवारी
वजनानं १९ टक्के. मातीच्या घनतेनं, सव्वाच्या वर धरली, गुणलं की पंचविशीच्या आत. सेन्सर त्या वेळी २७.६ सांगत होता. दोन-तीन टक्के चढाच बोलतो. काळ्या मातीत हे होतं, चिकणमातीनं धरून ठेवलेलं पाणी त्याला नीट वाचता येत नाही.
मोठेबाबा म्हणाले, असू दे. रोज तेवढाच खोटा बोलला तरी चालते.

७ जानेवारी
फिजिओथेरपिस्ट आली. खाटेच्या कडेवर बसवलं. घाम फुटला त्यांना. ती गेल्यावर म्हणाले, "आज कितीवर हाये?"
२५.९.

११ जानेवारी
२४.२. सालदार म्हणतो पानं दुपारी वळतात, सकाळी उघडतात. मोठेबाबा: "सकाळी उघडते ना? मंग थांब."

१३ जानेवारी
पहाटे १२.४!
दादाचाही फोन आला, योगायोगानं. बाग सुकली असेल तर आता ठेका कोण घेणार, असं काहीसं. मोठेबाबा आकड्याकडे बघत होते. "काळी माती एका रातीत अशी नाई सुकत. सालदाराले म्हणा, जाऊन पाह्य."

१४ जानेवारी
संक्रांत. गच्चीवर पोट्टे, रस्त्यावर मांजा. तिळाची वडी मोठेबाबांना आवडली नाही. मोठ्याईची मऊ असते.
सालदाराचा फोन: सळ्यांना लागूनच भेग गेलीय, बोट आत जातं. सळ्या हवेत. सेन्सर हवेची ओल सांगतोय.
चिखल करून भेग बुजवू का, म्हणाला. मोठेबाबा खाटेवरून ओरडले. ताणाच्या झाडाला तांब्याभर पाणीसुद्धा नको. हातभर बाजूला, भेग नसलेल्या जागी, कोरडी बारीक माती ठोकून बसव.
संध्याकाळी २३.३.

१८ जानेवारी
वॉकर धरून खिडकीपर्यंत. चार पावलं ते मोजत नाहीत, मी मोजली.

२० जानेवारी
२२.०. कालपासून तेवढाच. उतार थांबलाय. मोठेबाबांनी कालनिर्णय दोनदा उलटून डिसेंबर बघितला. सालदाराला झाडाखालची गळालेली पानं गोळा करून टोपलीत भरायला सांगितलं, टोपली किती भरली ते विचारलं. मग वरच्या फांद्यांचं विचारलं. मग खालच्या. अर्धा तास.
मी मध्ये एकदा म्हटलं, आलेख सपाट झाला म्हणजे मुळांना आता वरच्या थरातून काही मिळत नाही. त्यांनी हात वर करून थांबवलं.

२२ जानेवारी
सकाळी सहाला नाही, चारला उठले. २१.९.
"आज सोड. हलकं. पयल्या दिशी भरपूर नको."
ठिबक सकाळी अकराला, लाइन आल्यावर सुरू झालं. ११.४५ ला २२.१. १२.०० ला २४.८. १२.१५ ला २९. मी कॉलेजात तास घेत होते, फोन बाकावर. पोरांनी विचारलं कसले आकडे. फळ्यावर ०१ ०३ लिहिलं आणि उरलेला तास त्यावरच गेला.

२८ जानेवारी
मोठेबाबा पहाटे उठत नाहीत आता. आकडा आठ वाजता विचारतात.

६ फेब्रुवारी
दादाचा फोन. "तो नंबर मलाही दिसेल का, इथं पुण्यात?" लिंक पाठवली. तासाभरानं परत फोन, आकडा कोणत्या झाडाचा आहे म्हणून. मी फोन मोठेबाबांना दिला. नकाशा समजावत बसले, वरचा तुकडा, कितवी ओळ. दादाला ते झाड आठवत होतं.

१२ फेब्रुवारी
वरच्या तुकड्यात कळी दिसून राहिली, सालदार म्हणाला. खाली विहिरीजवळ नुसती नवती.
मोठेबाबांना आता विहिरीपाशीही एक सेन्सर हवा. "ते किती खोटं बोलते ते तरी पाहू."
दुसरा सेन्सर आणला. कारखान्यातून तोही पत्ता ०१ घेऊनच आलाय. एकाच तारेवर दोघांना बसवलं तर दोघंही एकदम बोलतील. एकट्याला टेबलावर जोडून ०२ केला, वीज काढून परत दिली, ०२ म्हणूनच उठला.
रविवारी बसवायला जायचं.
"मी बी येतो," मोठेबाबा म्हणाले. "वॉकर डिक्कीत टाक. डॉक्टरले इचारू नको."