नोटीस लागण्याआधी

साखर कारखान्यांच्या कामगारांत वावरताना माझं एक मत पक्कं होत गेलं. आपल्या नगर जिल्ह्यात कामगाराला पुष्कळ काही कळवलं जातं, पण निर्णय झाल्यावर. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला प्रवरेचा कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला आणि ऊस पिकवणारा शेतकरी मालक झाला. सहकारात सभासदाला ताळेबंद मिळतो, वार्षिक सभेत जाब विचारता येतो. ऊस गाळणाऱ्या कामगाराला मात्र कारखाना अडचणीत आल्याचं बहुतेक वेळा पगार थकल्यावरच समजतं. कायदे नव्हते असं नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगार कमी करण्यासारख्या बदलाआधी नोटीस देणं मालकावर बंधनकारक केलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्क्स कमिटी नेमण्याची तरतूद आली, आणि 1976 मध्ये व्यवस्थापनातला कामगारांचा सहभाग राज्यघटनेच्या कलम 43अ मध्ये गेला. तरी नोटीस हातात पडते तेव्हा ठराव बहुधा झालेला असतो.

कामगाराला आधी न विचारण्यात नुकसान कारखान्याचंच आहे. मिल थांबली की तोडलेला ऊस वाळतो, त्यातली साखर घटते, उतारा पडतो. कोणता पंप दगा देणार, बंद हंगामातली कोणती दुरुस्ती अर्धवट राहिली, हे फिटरला आणि बॉयलरवरच्या माणसाला संचालक मंडळाच्या कितीतरी आधी ठाऊक असतं. त्याला विचारायचं नाही आणि उतारा घटला की दोष मात्र त्याच्यावर, हे मला अन्यायाचं वाटतं.

हिशेब उघड केला तर बँका बिथरतील, असं म्हणतात. पण जो ताळेबंद हजारो सभासदांपुढे छापून ठेवला जातो, तो कामगारापासून लपवून काय साधतं? दुसरा आक्षेप जड आहे. युनियन पुष्कळदा चेअरमनच्याच गटाची असते, मग विचारायचं कुणाला? म्हणूनच प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले जावेत आणि त्यात कायम कामगारांबरोबर हंगामी व कंत्राटी कामगारही असावेत. गाळप चालू असताना चर्चेला वेळ नसतो, हेही खरं. पण बंद हंगाम काही महिन्यांचा असतो. गव्हाणीत मोळी पडण्याआधी थकीत पगार, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा आणि कर्जाचे हप्ते यांचे आकडे या प्रतिनिधींपुढे ठेवावेत, आणि कामगार कपातीचा ठराव त्यानंतरच मांडावा.